रूट कॅनाल किती वर्षं टिकतं, आणि त्यात तंत्राचा वाटा किती?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विचारणाऱ्याची वरची पहिली दाढ खोलवर किडली आहे आणि तिचं रूट कॅनाल करायचं ठरलं आहे. एक डॉक्टर म्हणाले, रोटरीनं एकाच बैठकीत करू, बायोसिरॅमिक सीलर (भरणीभोवतीच्या फटी बुजवणारं नव्या जातीचं सिमेंट) वापरू, हवं तर लेसरही मारू. दुसरे म्हणाले, दोन-तीन बैठका लागतील, मध्ये औषध भरून ठेवावं लागेल. यातलं कुठलं जास्त वर्षं टिकतं? शिवाय आठ वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेली खालची एक दाढ आहे. ती दुखत नाही, पण परवाच्या एक्स-रेत तिच्या एका मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. ती पुन्हा उघडायची का?

मी एंडोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे दिवसभर हेच काम. बावीस वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं मीही तंत्रांच्या मागे धावलो. नवी फाइल (कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची वाट, खरवडायची बारीक सुई) आली की घे, नवं मशीन आलं की त्याच्या कार्यशाळेला जा. आता पेशंट खुर्चीत बसला की डोक्यात तीनच गोष्टी असतात. संसर्ग आत कुठवर पोचलाय, तो मला कितपत कमी करता येईल, आणि माझं काम झाल्यावर दातावर काय बसणार आहे आणि कधी. तंत्राचा संबंध या तिन्हींपैकी मधल्या गोष्टीशीच येतो.

आकडे सांगण्याआधी एक घोळ मिटवायला हवा. पेशंट "टिकलं" म्हणतो तेव्हा दात तोंडात आहे आणि दुखत नाही एवढंच त्याला म्हणायचं असतं. आमच्या शास्त्रात "यशस्वी" शब्दाची व्याख्या जास्त कडक आहे. १९५६ साली स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश दंतवैद्यानं घालून दिलेले निकष आजही वापरले जातात. पेशंटला त्रास नको, आणि एक्स-रेमध्ये मुळाभोवतीची बारीक काळी रेघ सगळीकडून निरोगी दिसायला हवी. सावली, म्हणजे टोकाशी हाड झिजल्याची खूण, लहान झाली पण पुरती गेली नाही, तर या हिशेबात तो दात नापास. त्यामुळे एकाच दाताबद्दल एक डॉक्टर "छान चाललंय" म्हणतो आणि दुसरा "फेल आहे" म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

नुसतं टिकणं पाहिलं तर आकडे दिलासा देणारे आहेत. अमेरिकेतल्या दंतविम्याच्या नोंदींवरून २००४ साली १४ लाखांहून जास्त दातांचा हिशेब मांडला गेला. रूट कॅनालनंतर ८ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात होते. तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींतून १५ लाखांवर दात तपासले गेले, तिथे ५ वर्षांनी सुमारे ९३ टक्के शाबूत होते. कडक निकष लावले की आकडा खाली येतो. २००७ साली लंडनच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा यशाचं प्रमाण साधारण ६८ ते ८५ टक्क्यांत आलं. त्याच कामात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो आम्हा मंडळींना जरा झोंबणारा आहे: गेल्या चार-पाच दशकांत हे प्रमाण सुधारलेलं नाही. म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या फाइली आल्या, मायक्रोस्कोप आले, कॅनालची लांबी मोजणारी यंत्रं आली, आणि आकडा तिथल्या तिथे. माझ्या मते त्याचं एक कारण असं, की पूर्वी सरळ उपटले गेले असते असे वाकड्या मुळांचे, अर्धे फुटलेले दात आज आपण वाचवायला घेतो. पण तेवढ्यानं सगळा उलगडा होतो असं मी म्हणणार नाही.

मग निकाल ठरतो कशावर? सगळ्यात जास्त, दात आमच्याकडे येतो तेव्हा त्याची अवस्था काय आहे यावर.

१९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दाढेला भोक पाडून नस उघडी केली आणि तशीच सोडून दिली. साध्या उंदरांच्या दाढांमध्ये नस मेली, पू झाला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये त्याच उघड्या भोकात अन्न कोंबलं जात होतं, तरी नस जिवंत राहिली आणि भोकावर नव्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, पूल तयार झाला. भोक तेच, अन्न तेच. एका गटात जंतू होते आणि दुसऱ्यात नव्हते. आमचा सगळा धंदा या एका फरकाभोवती फिरतो.

१९९० सालच्या स्वीडनमधल्या एका अभ्यासाचा मी पेशंटना नेहमी दाखला देतो. उमेओ इथल्या दंतमहाविद्यालयात ३५६ पेशंटना ८ ते १० वर्षांनी परत बोलावून तपासलं होतं. मुळाच्या टोकाशी आजार नव्हता अशा दातांत ९६ टक्के यश. आधीच सावली होती तिथे ८६ टक्के. आणि जुनं रूट कॅनाल बिघडून सावली असलेला दात पुन्हा उघडला होता तिथे ६२ टक्के. गंमत म्हणजे हे काम मुख्यतः विद्यार्थ्यांनी केलं होतं, हातानं फिरवायच्या स्टीलच्या फाइलींनी. संसर्ग टोकाला पोचायच्या आत शिकाऊ हातांनाही १०० पैकी ९६ गुण मिळतात. तो पोचला की निष्णात माणसालाही घाम फुटतो. म्हणून "बघू, पुढच्या महिन्यात करू" म्हणणाऱ्या पेशंटला मी हेच तीन आकडे कागदावर लिहून देतो.

आता तंत्रांकडे येऊ, कारण विचारलंय त्याबद्दल.

रोटरी म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या, मशीनवर फिरणाऱ्या फाइली. हा धातू मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला; निटिनॉल या नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं आहेत. त्याच्या फाइली १९८८ साली पहिल्यांदा दातांसाठी मांडल्या गेल्या. मोठा गुण हा की वाकड्या कॅनालमध्ये त्या वाकतात. स्टीलची जाड फाइल वाकड्या कॅनालला सरळ करायला बघते आणि मुळाच्या बाहेरच्या अंगाला खोबण पाडते. रोटरीनं काम लवकर होतं, आकार नीट येतो, माझा अंगठाही वाचतो. पण २००१ साली दातांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनवर मोजलं गेलं तेव्हा कुठलीही निकेल-टायटॅनियम पद्धत घेतली तरी कॅनालच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलीनं शिवलाच नव्हता. कॅनाल म्हणजे काही नळी नाही. कुठे चपटा, कुठे दोन कॅनाल जोडणारी फट, कुठे बाजूला फुटलेला केसाएवढा फाटा. गोल फिरणारी फाइल तिथे पोचणार कशी?

तिथे पोचतं ते पाणी. म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे जंतू मारणारं द्रावण, आमच्या भाषेत नुसतं "हायपो". १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्येच दाखवलं गेलं की फाइल फिरवून नुसत्या सलाइननं धुतलं तर जंतू शेकडो पटींनी घटतात खरे, पण जवळजवळ निम्म्या दातांत बैठकांवर बैठका होऊनही उरतात. हायपो वापरलं की चित्र बदलतं. जोडीला ईडीटीए हे दुसरं द्रावण असलं तर भिंतीवरचा भुशाचा थर निघतो. मी एका दाढेत पाऊण तास काम करतो त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ धुण्यात जातो. पेशंटला वाटतं डॉक्टर नुसतेच पिचकारी मारत बसलेत.

हे पाणी हलवायचं कसं, यावर सध्या बाजार तापला आहे: अल्ट्रासोनिक, लेसर, आणखी काय काय. प्रयोगशाळेत, उपटलेल्या दातांत, हलवलेलं पाणी जास्त स्वच्छ करतं यात वाद नाही. पेशंटच्या तोंडात मात्र फरक शोधावा लागतो. २०१३ सालच्या एका अभ्यासात एकमुळी दातांवर साधी सिरिंज आणि अल्ट्रासोनिक यांची तुलना केली होती. वर्षभरानं सावली गेलेले किंवा कमी झालेले दात सिरिंजच्या गटात सुमारे ८८ टक्के, अल्ट्रासोनिकच्या गटात ९५ टक्के. पण तेवढ्या संख्येत हा फरक योगायोगानंही पडू शकतो. मी अल्ट्रासोनिक वापरतो, कारण त्यानं नुकसान होत नाही आणि फटींमधून येणारा गाळ डोळ्यांनी दिसतो. लेसरनं दात जास्त वर्षं टिकतो असा लांब पल्ल्याचा पुरावा नाही. त्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका असं मी म्हणेन. आणि जास्त रसायनं म्हणजे जास्त यश असंही नाही. २०११ साली लंडनच्याच गटानं पेशंटचा पुढे पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासात हायपोच्या जोडीला क्लोरहेक्झिडिन हे दुसरं जंतुनाशक वापरलेल्या दातांचा निकाल उलट खालावलेला निघाला.

एक बैठक की तीन? यावर आमच्यात एकेकाळी हमरीतुमरी व्हायची. अनेक बैठकांच्या बाजूचा जुना युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता. १९९७ साली ५५ एकमुळी, आजारी दात एकाच बैठकीत भरले गेले, पण भरण्याआधी आतला नमुना घेऊन जंतू वाढतात का ते पाहिलं होतं. पाच वर्षांनी, जंतू न सापडलेल्या दातांत ९४ टक्के बरे झाले आणि सापडलेल्यांत ६८ टक्के. २००५ साली खालच्या दाढांची टोकं एका बैठकीच्या उपचारानंतर लगेच कापून मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर १६ पैकी १४ मध्ये जंतू शिल्लक होते. मग वाटतं, औषध घालून आठवडाभर थांबलेलंच बरं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरा, उरलेले मारा, मग बंद करा.

पण माणसांवरच्या चाचण्या एकत्र केल्या की हा फायदा दिसत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांनी २००७ पासून अनेकदा पाहिलं: दूरच्या निकालात एक बैठक आणि अनेक बैठका यांत ठोस फरक नाही. एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त असतं, एवढंच. तेव्हा बैठकांची संख्या ही सोयीची आणि त्या दिवशी आत काय दिसतं त्याची गोष्ट आहे. नस जिवंत आहे, कॅनाल कोरडा झाला, वेळ आहे, तर मी एका बैठकीत संपवतो. आतून पू झिरपतच राहिला, कॅनाल टिपायची कागदाची कांडी दर वेळी ओली बाहेर आली, तर औषध भरून घरी पाठवतो. "आमच्याकडे सगळं एका बैठकीत" असं आधीच सांगणाऱ्याला तुमच्या दाढेत काय आहे ते अजून माहीत नसतं. "आमच्याकडे तीनच" म्हणणाऱ्यालाही नसतं.

भरणीबद्दल थोडक्यात. गट्टा-पर्चा हा झाडाच्या चिकापासून आलेला पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून कॅनालमध्ये भरला जातोय आणि अजून त्याला कुणी हटवू शकलेलं नाही. थंड कांड्या बाजूनं दाबत भरणं आणि गरम करून वरून दाबणं यांची तुलना २००७ साली एकत्रित मांडली गेली. दूरच्या निकालात फरक नाही, गरम पद्धतीत माल टोकाबाहेर जाण्याचं प्रमाण मात्र जास्त. टोरांटोच्या मोठ्या अभ्यासात आजारी दातांत गरम पद्धतीचं पारडं थोडं जड दिसलं होतं, पण तिथे कॅनालचा आकारही वेगळा दिलेला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं हे सांगता येत नाही. पद्धतीपेक्षा भरणी कुठे थांबली याला महत्त्व आहे. त्या १९९० च्या अभ्यासात सावली असलेल्या मुळांमध्ये भरणी टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबली तर ९४ टक्के यश, टोकाबाहेर गेली तर ७६, आणि २ मिलिमीटरपेक्षा आखूड राहिली तर ६८.

रेझिलॉनची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण नव्या मालाबद्दल मी सावध का असतो ते त्यातून कळेल. २००४ च्या सुमाराला हा माल आला. गट्टा-पर्चा भिंतीला चिकटत नाही, हा चिकटतो, सगळं मिळून एकजीव होतं, अशी त्याची ख्याती. सुरुवातीचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष उत्तम. मीही काही दातांत वापरला. पण त्याचा पाया ज्या प्लास्टिकचा होता ते मुळात विघटनशील. काही वर्षांनी भरलेले कॅनाल एक्स-रेत रिकामे दिसू लागले. पाच वर्षं आणि पुढचे निकाल छापून आले तेव्हा गट्टा-पर्चाच्या तुलनेत तो अपयशी ठरण्याची शक्यता पाचपटीहून जास्त निघाली, आणि तोवर तो बाजारातून गेलाही होता. माझ्या त्या दातांपैकी दोन मी स्वतः पुन्हा उघडले. आत फाइल घातली तर मऊ, करडा चिखल.

बायोसिरॅमिक सीलर त्यापेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभे आहेत. त्यांची रसायनं एमटीए या दातांच्या सिमेंटच्या जातकुळीतली, आणि एमटीएबद्दल पहिल्यांदा १९९३ साली छापून आलं. एका कांडीसोबत हे सीलर वापरलेल्या ३०७ दातांचा अभ्यास २०१८ साली आला, यश जवळजवळ ९१ टक्के. पण सरासरी पाठपुरावा ३० महिन्यांचा. आकडा चांगला आहे, तरी त्यावरून वीस वर्षांचं वचन देता येत नाही. मी हे सीलर वापरतो. जास्त टिकतं म्हणून वापरा, असं मात्र सांगत नाही.

आता तुमच्या वरच्या दाढेबद्दल. इथे एक गोष्ट वर लिहिलेल्या सगळ्या तंत्रांपेक्षा मोठी आहे. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण कॅनाल बहुतेकदा चार. पुढच्या गालाकडच्या मुळात दुसरा कॅनाल लपलेला असतो, आम्ही त्याला एमबी-टू म्हणतो. दाढ उघडली की तीन तोंडं सहज दिसतात. चौथं डेंटिनच्या एका छोट्या छज्ज्याखाली असतं. मी मायक्रोस्कोपखाली, अल्ट्रासोनिकच्या बारीक टोकानं, पहिल्या तोंडापासून टाळूकडच्या तोंडाच्या दिशेनं जाणारी खोबण हळूहळू खरवडत जातो. पांढरा भुसा उडतो, आणि कधीतरी त्या पिवळसर-करड्या जमिनीत एक पांढरा ठिपका राहतो जो फुंकरीनं जात नाही, कारण भुसा कॅनालच्या तोंडात अडकलेला असतो. आठ नंबरची फाइल तिथे टेकवली की ती नुसती टेकत नाही, रुतते. सोडली तर उभी राहते. बावीस वर्षांनंतरही त्या क्षणी बरं वाटतं. कधीकधी वीस मिनिटं खरवडून काही सापडत नाही, आणि थांबायचं कुठे हेही कळावं लागतं, नाहीतर दाढेच्या बुडाला भोक पडतं.

हा कॅनाल सुटला तर काय होतं? २०१६ साली रूट कॅनाल केलेल्या सुमारे १४०० दातांचे थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, पाहिले गेले. २३ टक्के दातांत एखादा कॅनाल सुटलेला होता, आणि अशा दातांच्या टोकाशी आजार असण्याची शक्यता इतरांच्या चौपटीहून जास्त होती. तुमच्या दोन्ही डॉक्टरांना रोटरी की हात, हे विचारण्यापेक्षा "चौथा कॅनाल कसा शोधता?" हे विचारा. मायक्रोस्कोप किंवा निदान भिंगाचा चष्मा यांचं नाव उत्तरात आलं पाहिजे. दुसरा प्रश्न, रबर डॅम लावता का? रबराचा हा पडदा १८६४ पासून आहे, फार काही लागत नाही, आणि तरी कितीजण लावत नाहीत. तो नसेल तर एकीकडे जंतू धुवायचे आणि दुसरीकडे लाळेतून नवे सोडायचे, असा कारभार होतो.

दाढेची नस अजून जिवंत असेल, तर सगळे कॅनाल न उघडता फक्त वरचा भाग काढून एमटीएसारखा माल ठेवण्याचा पर्यायही आज मोठ्या माणसांत विचारात घेतला जातो. पाठपुरावा अजून रूट कॅनालइतका लांबचा नाही. डॉक्टरांना विचारून बघा, एवढंच.

आणि मग कॅप. हा भाग पेशंट टाळतात, आणि दात इथेच जातात. अमेरिकेच्या त्या विम्याच्या नोंदींत जे दात शेवटी काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. २००२ सालच्या एका अभ्यासात कॅप नसलेले दात कॅप असलेल्यांपेक्षा सहापट वेगानं गेले. २०२२ साली दवाखान्यांच्या नोंदींवरून आलेला हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: रूट कॅनालनंतर पक्कं फिलिंग आणि कॅप दोन्ही केलेले दात साधारण २० वर्षं टिकले, दोहोंपैकी एकच केलेले सुमारे ११, आणि काहीच न केलेले साडेसहा वर्षं. रोटरी आणि हात, गरम आणि थंड, एक बैठक आणि तीन, या कुठल्याही तुलनेत एवढी दरी मी पाहिलेली नाही.

दरवर्षी असे दोन-तीन पेशंट येतात. एक नमुना सांगतो. बाईंची खालची दाढ, रूट कॅनाल माझ्याच हातचं, एक्स-रे फ्रेममध्ये लावावा असा. तात्पुरतं सिमेंट भरून दोन आठवड्यांनी कॅपसाठी बोलावलं होतं. दुखणं थांबलं, त्या आल्या सात महिन्यांनी. सिमेंट झिजून गेलेलं, खालचा कापसाचा बोळा काळा आणि वास मारणारा, आणि जिभेकडची भिंत हिरडीखाली, हाडाच्याही खाली तुटलेली. सगळे कॅनाल लाळेत भिजून पुन्हा दूषित झालेले. कॅप पकडायला हिरडीच्या वर सगळीकडून किमान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात लागतो. तिथे एका बाजूला काहीच उरलं नव्हतं. दाढ काढली. त्या म्हणाल्या, "रूट कॅनाल टिकलं नाही." मी काही बोललो नाही. नुसतं फोनवर बोलावण्यावर विसंबलो याची चूक माझीही होती. तेव्हापासून शक्य असेल तिथे मी कॅनाल भरतो त्याच बैठकीत पक्कं फिलिंगही करून टाकतो.

खालच्या जुन्या दाढेकडे येतो. सावली म्हणजे लगेच उघडा, असं नाही. पहिला प्रश्न: आठ वर्षांपूर्वी ती किती मोठी होती? मोठी सावली भरायला वेळ लागतो. बरं होण्याची चिन्हं बहुतेकदा पहिल्या वर्षात दिसू लागतात. युरोपियन एंडोडॉन्टिक संघटनेची शिफारस अशी की वर्षभरानं एक्स-रे काढावा, आणि पूर्ण भरलं नसेल तर चार वर्षांपर्यंत पाहत राहावं. त्याहून उशिरा भरलेल्या सावल्याही नोंदल्या गेल्या आहेत, विशेषतः माल टोकाबाहेर गेलेल्या दातांत. तशा पेशंटचा नॉर्वेत वीस वर्षांहून जास्त पाठपुरावा झाला आहे. सावली पूर्वी मोठी होती आणि आता लहान आहे, तर मी हात लावणार नाही. जशीच्या तशी आहे, दुखत नाही, कॅप शाबूत आहे, तर वर्षाला एक एक्स-रे. पूर्वी नव्हती आणि आता आली, किंवा वाढली, तर आत जिवंत संसर्ग आहे, मग ती दुखो वा न दुखो.

उघडण्याआधी हिरडीत बारीक मापपट्टी घालून दाताभोवती फिरवायला सांगा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाते आणि एकाच अरुंद जागी एकदम आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरते, तर मूळ उभं चिरलेलं असण्याचा दाट संशय. त्यावर कुठलंच तंत्र चालत नाही. अशा दाढा काढल्यावर मी त्यांना निळा रंग लावतो. टोकापासून वर जाणारी केसासारखी रेघ रंग पिते आणि स्पष्ट दिसते. पेशंटला ती दाखवतो, म्हणजे दात उगाच काढला की काय ही शंका राहत नाही.

चीर नसेल आणि सावली वाढत असेल तर वाटा दोन. एक, पुन्हा आतून: जुनी भरणी काढायची, सुटलेला कॅनाल शोधायचा. १९९० साली अशा दातांत ६२ टक्के यश होतं म्हणालो, पण २०११ च्या अभ्यासात पुन्हा केलेल्या कामात सुमारे ८० टक्के मुळं बरी झाली. खरी प्रगती दिसते ती इथे. दुसरी वाट बाहेरून, शस्त्रक्रियेनं मुळाचं टोक कापून मागून सील करण्याची. इथे तर तंत्रानं चित्रच पालटलं. जुन्या पद्धतीत यश ५९ टक्के, मायक्रोस्कोप, अल्ट्रासोनिक टोकं आणि एमटीएसारखा माल वापरून ९४ टक्के; २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून हा आकडा आला. भरणी वाईट दिसत असेल तर आतून. भरणी चांगली आणि वर मजबूत पोस्ट (मुळात रोवलेला खुंट) आणि कॅप असेल तर बाहेरून. मधल्या अवस्थेत सीबीसीटी काढून मग ठरवावं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच, कारण आधीच सावली असलेले दात मधुमेहींमध्ये कमी प्रमाणात बरे होतात असं आढळलं आहे.

तेव्हा आज करायचं काम एवढंच: आठ वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांकडून त्या दाढेचा उपचार संपल्या दिवशीचा एक्स-रे मिळतो का पाहा. तो आणि परवाचा शेजारी शेजारी ठेवले की मला, किंवा कुणालाही, पाच मिनिटांत सांगता येईल. आणि वरच्या दाढेचं काम संपेल त्या दिवशीचा एक्स-रे मागून फोनमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी लागेल.